कवळीचा वर्गांक

ते दात मी पाहताक्षणी ओळखले. माणूस चेहऱ्यावरून ओळखता येतो, चालीवरून येतो, पाठमोऱ्या टकलावरूनही येतो, हे मला माहीत होतं. पण मंगळवारी सकाळी लाटांच्या तलावाच्या जीवरक्षकाने रोजच्यासारखी जाळी माझ्या काउंटरवर उपडी केली आणि केसांची रबरं, एक उजवी चप्पल, दोन गॉगल आणि बाहुलीचा एक हात यांच्यामधून गुलाबी हिरडीसकट वरची अख्खी कवळी घरंगळत येऊन माझ्यासमोर थांबली, तेव्हा तिच्याभोवती एक पूर्ण माणूस हळूहळू जमा होत गेला. आधी वरचा ओठ, मग मिशी, मग चष्मा, मग खांद्याला लटकवलेली लांब दांड्याची काळी छत्री. डावीकडच्या सुळ्याचा टवका उडालेला होता. त्या टवक्यातून तीन वर्षं एकच शब्द माझ्या अंगावर आला होता : शांतता. तो म्हणायच्या आधी कवळी टाळूला नीट बसवल्याचा बारीक टक् असा आवाज व्हायचा. तो टक् मला आजही जिन्यात, नळाखाली, कुणी पेनाचं टोपण लावलं तरी ऐकू येतो आणि मी बोलत असले तर गप्प होते. जीवरक्षक म्हणाला, "बघा बाई, कुणीतरी तलावाला चावायला गेलं होतं." मी हसले नाही. मला हसता येत नाही म्हणूनच तर मला या खोलीत बसवलं आहे.

हे मी उगाच म्हणत नाही, तशी नोंद आहे. या मनोरंजन उद्यानात सीझनपुरती माणसं घेतात. पहिल्या दिवशी सगळ्यांना उन्हात एका ओळीत उभं केलं, सुपरवायझर हातात पाटी घेऊन पुढून गेला आणि म्हणाला, "हसा." बाकीचे हसले. माझ्यापाशी तो थांबला, पुन्हा म्हणाला, "हसा की." मी म्हटलं, हसतेच आहे. त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, पाटीवर काहीतरी लिहिलं आणि मामाला, म्हणजे माझ्या सख्ख्या मामाला, जो इथे पाळण्यांना तेल घालतो आणि ज्याच्या शब्दावर मला घेतलं होतं, म्हणाला, "हिला हरवले-सापडलेला बसवू. तिथे येणारी माणसं आधीच रडकी असतात, फरक पडणार नाही." मामा घरी येऊन आईला म्हणाला, "लागली गं. बसून काम आहे." आई म्हणाली, "पदवीधर आहे, उभं कशाला राहील?" असं माझं करिअर सुरू झालं.

खोली पत्र्याची. मागच्या भिंतीला लागून तलावाचा पंप, त्यामुळे दर सात मिनिटांनी लाट सुरू झाली की काउंटर थरथरतो, आणि त्यावर ठेवलेल्या वस्तू एक बोटभर पुढे येतात, जणू स्वतःहून मालकाकडे निघाल्यात. क्लोरिनचा वास इतका, की तोंडावर फडका बांधल्याशिवाय दुपार काढता येत नाही. डोक्यावर उद्यानाची पिवळी टोपी सक्तीची. म्हणजे फडका आणि टोपी यांच्यामध्ये माझे फक्त डोळे उरतात, आणि डोळ्यांवरून मला आजवर कुणी ओळखलेलं नाही, कारण तीन वर्षं ते खालीच होते. मी आले तेव्हा सापडलेल्या वस्तू तीन पिंपांत होत्या : मोठं, मधलं, लहान. कुणी आलं की पिंप उपडं करायचं. पहिल्या आठवड्यात मी पिंपं बाहेर काढली, मागच्या भिंतीला फळ्या ठोकून घेतल्या आणि ग्रंथालयात पुस्तकांना विषयाप्रमाणे आकडे देतात तसे सगळ्याला वर्गांक दिले. कार्डं केली, दर वस्तूला दोरा आणि चिठ्ठी. गॉगल एका फळीवर, चपला दुसऱ्या, किल्ल्या, टोप्या, श्रवणयंत्रं. एका मुलीने पाण्याकाठी जमवलेल्या खड्यांचा पत्र्याचा डबा सापडला, त्याच्यासाठी सुद्धा सबंध एक फळी उघडली : ५५०, भूगर्भशास्त्र. फळीवर एकच डबा. सुपरवायझर येऊन बघून गेला आणि म्हणाला, "ग्रंथपालबाई, लोक चप्पल न्यायला येतात, पीएच्.डी. करायला नाही." पण तेव्हापासून वस्तू दोन मिनिटांत सापडायला लागली, म्हणून त्याने फळ्या राहू दिल्या. ग्रंथपालबाई हे नाव मात्र चिकटलं. त्याला काय माहीत, त्या शब्दाने मला काय होतं ते.

कवळी मी पाण्याने धुतली, झाकणाच्या बरणीत ठेवली, बरणीत पाणी घातलं. वर्गांक दिला ६१७.६. दंतवैद्यक. चिठ्ठी लिहून बरणीवर चिकटवली. नियमाप्रमाणे तोंडातली वस्तू तीनच दिवस ठेवायची, मग आरोग्याच्या कारणाने टाकून द्यायची. मंगळवार, बुधवार, गुरुवार. गुरुवारी पाच वाजता मला ती बरणी स्वतःच्या हाताने कचऱ्याच्या ड्रममध्ये रिकामी करायचा पूर्ण अधिकार मिळणार होता, आणि त्यावर सही माझीच. असा लेखी, नियमात बसणारा सूड फार कमी लोकांच्या वाट्याला येतो. मी त्या दिवशी डबा चवीने खाल्ला.

तीन वर्षं मी कॉलेजात 'कमवा आणि शिका'मध्ये होते. रोज दोन तास काम, त्यात फी भागायची. काही मुलं बागेला पाणी घालायची, काही प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुवायची. मला ग्रंथालय मिळालं आणि सगळे म्हणाले, नशीबवान आहेस, सावलीत बसशील. ग्रंथपालांना आम्ही 'शांतता' म्हणत असू. ते सगळ्यांना, अगदी पहिल्या वर्षाच्या पोरांनाही, अहो-जाहो करायचे, आणि त्या अहोमध्ये अशी काही थंडी असायची की त्यापेक्षा शिवी बरी. पुस्तकं तेव्हा खरेदीच्या क्रमाने लावलेली होती, म्हणजे कवितांच्या शेजारी कुक्कुटपालन आणि त्याच्या शेजारी कायदा. सरांनी पहिल्याच दिवशी माझ्यापुढे कोऱ्या कार्डांचा गठ्ठा ठेवला आणि म्हणाले, "अकरा हजार दोनशे सहा पुस्तकं आहेत. सुरू करा." मी विचारलं, "कधीपर्यंत?" टक् झालं. "शांतता." मी सुरू केलं. एकेक पुस्तक काढायचं, झटकायचं, चाळायचं, वर्गांक ठरवायचा, कार्ड लिहायचं, पाठीवर चिठ्ठी चिकटवायची, जागेवर ठेवायचं. सर दर शनिवारी आठवड्याची कार्डं तपासायचे. चूक सापडली तर कार्ड फाडायचे नाहीत, माझ्यापुढे ठेवून उभे राहायचे, मीच फाडेपर्यंत. "सातची शेपूट लांब काढू नका," ते म्हणायचे. "खालच्या ओळीत जाते. खालच्या ओळीने तुमचं काय बिघडवलंय?" एकदा मला ताप होता आणि तरी गेले होते, तेव्हा त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "घरी जा. तापात माणूस इतिहास आणि भूगोल यांत गल्लत करतो." आईला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "बघ, काळजी आहे त्यांना." मी म्हटलं, "भूगोलाची."

आणि एक गोष्ट त्यांनी शिकवली ती मी कधी विसरणार नाही, विसरले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "चोरीला गेलेलं पुस्तक परवडलं. ते कुठेतरी वाचलं तरी जातं. चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक मात्र मेलं. ते इथेच असतं, श्वास घेत असतं, आणि कुणालाच सापडत नाही." त्यावेळी मला हे वाक्य सुंदर वाटलं होतं. वीस वर्षांची होते, मला बरंच काही सुंदर वाटायचं. तिसऱ्या वर्षी पाहणी समिती आली. समितीचे अध्यक्ष कार्डांच्या कपाटापुढे उभे राहिले, एक खण ओढला, दुसरा ओढला आणि म्हणाले, "वा! हे कुणी केलं?" मी तिथेच होते, शिडीवर, हातात फडकं. सर म्हणाले, "आम्ही केलं." आम्ही. त्या 'आम्ही'त मी किती होते, याचा हिशोब मी नंतर अनेक रात्री पडल्या पडल्या केला. आदरार्थी होतं की बहुवचनी? कधी वाटायचं मी अर्धी होते, कधी वाटायचं शिडी सुद्धा माझ्यापेक्षा जास्त होती. पुढच्या महिन्यात तिथेच सहायकाची जागा निघाली. कायमची जागा, त्याच खोलीत, माझ्याच कार्डांबरोबर. मी सरांकडे प्रमाणपत्र मागितलं. त्यांनी ते तीन दिवस लिहिलं. मला वाटलं, पानभर असेल. दोन ओळी होत्या. 'यांनी तीन वर्षे ग्रंथालयात काम केले. काम समाधानकारक.' मुलाखतीतल्या बाईंनी तो कागद दोनदा वाचला, उलटून बघितला, मागे काही आहे का म्हणून. मग माझ्याकडे इतक्या दयेने पाहिलं की मला समजलं. दुसऱ्या कॉलेजच्या एका मुलाकडे तीन ओळी होत्या आणि त्यांत 'उत्कृष्ट' दोन वेळा. जागा त्याला मिळाली. ऐकलं की तो वर्षभरात बँकेत गेला. गेलाच असेल, उत्कृष्ट होता.

माझ्या शेवटच्या दिवशी सर जेवायला गेले असताना मी काय केलं, ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. काचेच्या कपाटात सरांचा प्रबंध होता, लाल कापडी बांधणीचा, जगात एकच प्रत. विषय : महाविद्यालयीन ग्रंथालयांतून पुस्तके गहाळ होण्याची कारणे. तो मी काढला, मांडणीच्या शेवटच्या रांगेत नेला, जिथे भूगर्भशास्त्राचा विभाग होता. ते शिकवणं कॉलेजने केव्हाच बंद केलं होतं, तिकडे पाल सुद्धा जात नसे. ५५०. खडकांवरच्या दोन जाड पुस्तकांमध्ये मी तो घातला, पाठीवरून हात फिरवून रांग सरळ केली, आणि दोन वर्षं ती एक गोष्ट मला पुरली. बसमध्ये उभं राहून पाय दुखायला लागले, कुठे नकार आला, मामीने कुणाच्या तरी सुनेच्या नोकरीचं कौतुक सुरू केलं, की मी मनातल्या मनात त्या शेवटच्या रांगेत जाऊन यायची. आहे अजून. श्वास घेतोय. मला बरं वाटायचं.

बुधवारी कुणी आलं नाही. म्हणजे माणसं आली, गॉगल नेले, चपला नेल्या. दातांसाठी कुणी आलं नाही. मी सकाळी बरणीतलं पाणी बदललं आणि मग स्वतःचाच राग आला. शत्रूच्या दातांची एवढी बडदास्त? मी ठरवलं की हे पाणी आपण सूडासाठीच बदलतोय; दात खराब झाले तर त्याला नाकारण्यात मजा काय. मी फडक्याआड वाक्यं घोळवत राहिले. 'मिळाले नाहीत.' छोटं. 'मिळाले होते, टाकले.' बरं, पण लवकर संपतं. 'आम्ही टाकले.' हे आवडलं. आम्ही. ते मी तीनचार वेळा हळू म्हणून पाहिलं, शेवटी आइस्क्रीमवाली दारातून डोकावली आणि म्हणाली, "कुणाशी बोलतेस गं?" मी म्हटलं, "दातांशी." ती म्हणाली, "सीझन संपत आला की असं होतं." सीझन रविवारी संपणार होता. तो विचार मी पुढे ढकलत होते. सुपरवायझरने सांगून ठेवलं होतं, पुढच्या वेळी बोलवायचं तर ग्राहकाच्या शेऱ्याचा एक तरी 'उत्कृष्ट' कागद हवा. पाळण्यांवरच्या पोरींकडे गठ्ठे होते. माझ्याकडे एकही नाही. हरवलेली चप्पल मिळाली की माणूस ती घालून पळतो, शेरा लिहायला थांबत नाही. रविवारी उरलेलं सगळं गोदामात, रजिस्टर बंद, आणि मी घरी, आईसमोर. ती नुसती माझ्या पदवीच्या तसबिरीवरची धूळ पुसते, रोज.

गुरुवारी दुपारी साडेतीनला काउंटरवर छत्रीचा दांडा टेकला. मी वर न बघता तो ओळखला, लाकूड मुठीशी कसं झिजलंय ते मला पाठ होतं. वरचा ओठ आत गेल्यामुळे सर एकदम म्हातारे झाले होते, कुणीतरी चेहऱ्याच्या मधून एक पान फाडून घेतल्यासारखे. ते तोंडावर रुमाल धरून म्हणाले, "जरा चौकशी होती." 'त'ऐवजी नुसती हवा आली. इतकी वर्षं ज्या तोंडाने मला गप्प केलं, त्या तोंडाला आता आपला शब्द धरून ठेवता येत नव्हता. माझ्या पोटात काहीतरी गरम, गोड पसरलं. मी म्हटलं, "बोला."

"दात," ते म्हणाले.

"कुणाचे?"

"माझे."

"कसले दात? वरचे, खालचे, दुधाचे?"

मागे रांगेत उभी असलेली दोन पोरं खिदळली. सरांनी रुमाल जरा वर सरकवला. "वरची कवळी. सोमवारी. लाटांच्या तलावात."

"तलावात जाताना काढून का नाही ठेवली? पाटी आहे तिथे."

"वाचली होती," सर म्हणाले. त्यांनी वाचली असणारच. ते साबणाच्या वडीवरचा मजकूरही वाचतात. "नातवंडं म्हणाली, आजोबा, लाट आली की ओरडायचं असतं. सगळे ओरडत होते. मग मीही ओरडलो. सवय नव्हती."

मी फडक्याच्या आत ओठ चावला. माणूस आयुष्यात पहिल्यांदा ओरडला आणि दात उडाले. हे मी योजलं असतं तरी मला इतकं जमलं नसतं. मी अर्ज पुढे सरकवला. दोन पानी अर्ज मीच तयार केलेला, सहसा वापरत नाही. "तीन प्रती. वस्तूचं वर्णन, खुणा, हरवल्याची वेळ, ती तुमचीच असल्याचा पुरावा." "पुरावा?" "उद्या कुणीही येईल आणि म्हणेल हे दात माझे." ते मान हलवून म्हणाले, "बरोबर आहे." बरोबर आहे! मला त्यांनी भांडायला हवं होतं. ते बाहेर प्लास्टिकच्या मोठ्या बदकाखालच्या बाकावर बसले, छत्री मांडीवर आडवी घेतली आणि त्यावर कागद ठेवून लिहू लागले. बदकाची सावली त्यांच्या टकलावर. लाट आली, पोरं किंचाळली, ते लिहीत होते. अर्ज उलटा करून मागचे बारीक अक्षरातले नियमही त्यांनी वाचले, सगळे, बोट ठेवून; एका नियमापाशी बोट थांबलं, मग पुढे सरकलं. पहिल्या प्रतीत मी शाई पसरल्याची चूक काढली. ते पुन्हा बसले. दुसऱ्यांदा म्हटलं, वेळ चोवीस तासांच्या पद्धतीने लिहा. ते पुन्हा बसले. तिसऱ्यांदा मी अर्ज त्यांच्यापुढे ठेवला आणि काहीच न बोलता उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग अर्जाकडे, आणि स्वतःच्या हातांनी तो हळूच फाडला. साडेचार वाजले होते. सुख झालं का? झालं. खोटं कशाला बोला. पण पाचव्या घासाला जशी चव कमी होते तसं काहीतरी व्हायला लागलं होतं आणि तेच मला सहन होईना. मी दोन वर्षं उपाशी होते, मला इतक्यात पोट भरायला नको होतं.

"काय काम करत होता?" मी विचारलं. अर्जात तो रकाना नव्हता.

"ग्रंथालयात. गेल्या वर्षी निवृत्त झालो."

"मजेत गेली असतील शेवटची वर्षं. सावलीत."

"शेवटचं वर्ष शोधण्यात गेलं," सर म्हणाले. हवेतून शब्द सोडवत, सावकाश. "एक पुस्तक जागेवर नव्हतं. माझंच होतं. कार्यभार सोपवताना सगळं जागेवर हवं. मग पहिल्या फळीपासून तपासत गेलो. रोज संध्याकाळी. अकरा हजार दोनशे सहा."

पंप सुरू झाला. काउंटर थरथरला. कोपऱ्यातली बरणी एक बोटभर पुढे आली, दात पाण्यात किंचित हलले, काहीतरी सांगणार असल्यासारखे. मी तिच्यापुढे हात धरला. "मग? किती चुका सापडल्या?"

"एकही नाही."

"एवढ्या पुस्तकांत?"

"एकही नाही. मीच करायला बसलो असतो तर पन्नास झाल्या असत्या. एकच पुस्तक चुकीच्या जागी होतं, माझं. शेवटच्या रांगेत, खडकांमध्ये. बाकी सगळं इतकं चोख, तेव्हा हे काही चुकून झालेलं नाही, हे मला कळलं."

मला वाटलं, माझ्या कानांतून धूर येतोय आणि टोपीखालून तो दिसणार. "मग काढलं असेल तुम्ही तिथून."

"नाही. राहू दिलं. कुणीतरी विचार करून ठेवलं होतं."

दोन वर्षं जी जागा माझी होती, बसमध्ये, मामीसमोर, जिथे मी जाऊन येत होते, तिथे हा माणूस आधीच येऊन उभा राहून गेला होता. पाठीवरून हात फिरवून रांगही सरळ केली असेल. माझा सूड त्यांनी तपासला होता, शनिवारच्या कार्डासारखा, आणि फाडायला लावला नव्हता. याचा मला इतका राग आला की मी बरणी आदळलीच काउंटरवर. पाणी सांडलं. पाचला दहा मिनिटं होती. मी दहा मिनिटं थांबू शकले असते. अजून एक प्रत, अजून एक खूण. मी झाकण उघडलं आणि बरणी सरांपुढे सरकवली.

ते पाठ करून उभे राहिले. रुमालात काहीतरी हालचाल झाली आणि मग ते आलं. टक्. मी गप्पच होते, तरी अजून गप्प झाले. सर वळले तेव्हा त्यांचा चेहरा पुन्हा बांधून आला होता. पहिलं वाक्य त्यांनी स्पष्ट, टवक्यातून बारीक शिट्टी वाजवत उच्चारलं. "वर्गांक चुकलाय."

"काय?"

"६१७ दंतवैद्यकावरच्या पुस्तकांना. कवळी ही अंगावर वापरायची वस्तू. कपडे, चष्मे, काठ्या यांच्याबरोबर जायला हवी. ३९१." त्यांनी बरणीवरची चिठ्ठी चष्म्याजवळ नेली, दूर नेली. "आणि सातची शेपूट अजून खालच्या ओळीत जाते."

पलीकडे पोरं किंचाळत होती. मी फडका खाली ओढला. आता त्याचा काही उपयोग नव्हता. "केव्हा ओळखलंत?"

"फळ्या बघितल्या तेव्हाच. दारात."

"आणि तरी तीन प्रती लिहिल्यात?"

"अर्ज चांगला केलाय. फक्त पत्त्याला जागा कमी आहे." त्यांनी शेऱ्याचा कागद स्वतःच ओढून घेतला, आणि मी पाहत राहिले. त्यांना माहीत होतं. मागच्या नियमांत सगळं छापलेलं आहे, शेऱ्यावर पुढचं काम ठरतं हेही. पेन टेकलं, थांबलं, आणि त्या गोल, न चुकणाऱ्या अक्षरात त्यांनी लिहिलं : काम समाधानकारक. खाली सही, तारीख.

"सर," मी म्हटलं. आवाज माझा नव्हता, त्या शिडीवरच्या मुलीचा होता. "तुम्ही 'उत्कृष्ट' लिहिता तरी कुणाला?"

त्यांनी खरोखर विचार केला. "लिहिलं नाही अजून कुणाला," ते म्हणाले. "माझ्या अहवालात माझ्या साहेबांनी 'बरा' लिहिलं होतं. चौतीस वर्षं मी त्यावर काढली. तुम्हाला मी त्याच्या वरचं लिहिलं होतं. बरंच वरचं." मग रुमालाची घडी घालत, "मुलाखतीत त्यांना ते कळेल असं वाटलं होतं." आणि ते निघाले, बदकाखालून, गर्दीला वाट देत देत, एकदाही मागे न बघता.

पाच वाजता सुपरवायझर कागद गोळा करत आला. "अरे वा, ग्रंथपालबाईंना शेरा!" त्याने वाचला. तोंड वाकडं केलं. "समाधानकारक? कोण हा कंजूस? एक 'उत्कृष्ट' खरडला असता तर त्याच्या बापाचं काय गेलं असतं? तुझं नाव टाकलं असतं मी. आता रविवारी रजिस्टर बंद कर आणि ये पगार न्यायला." तो गेला. मी कचऱ्याच्या ड्रमकडे पाहत बसले. दात माझ्या हातात होते, दहा मिनिटं होती, नियम होता. मी दिले. आणि मला परत तोच शब्द मिळाला, दुसऱ्यांदा, तोच माणूस, तीच सही. मनातल्या मनात मी त्याला पुन्हा त्या बाकावर बसवलं, दहा प्रती लिहायला लावल्या, शंभर. मग काउंटर पुसायला उठले आणि ती दिसली. कडेला, दांडा अडकवून, छत्री.

सर कधी काही विसरत नाहीत. तीन वर्षांत ती छत्री एकदाही मागे राहिली नव्हती. मी अर्ज उलटा केला आणि ते मघाशी जिथे बोट ठेवून थांबले होते तिथे मी बोट ठेवलं. नियम सातवा : मालक माहीत असलेली वस्तू त्याने नेईपर्यंत गोदामात टाकू नये; तोपर्यंत रजिस्टर उघडे ठेवून काउंटरवर माणूस बसवावा. हा नियम मीच सुपरवायझरकडून जुन्या फायलीतून काढून छापून घेतला होता. मी तो वाचला, पुन्हा वाचला. म्हणजे छत्री इथे आहे तोवर मला रविवारी कुणी घरी पाठवू शकत नव्हतं. हे 'आम्ही' पुन्हा सुरू झालं होतं. मला उपकार नको होते. मला एक शब्द हवा होता, तो त्यांना अजून जमला नव्हता, आणि त्याच्याऐवजी मला एक छत्री दिली होती, दोन काड्या वाकलेली. मी ती दारापर्यंत नेली सुद्धा, पळत गेले असते तर गाठलं असतं. गाठलं नाही.

कार्ड घेतलं. वस्तू : छत्री, काळी, लांब दांड्याची. मालक : माहीत आहे. वर्गांक ३९१ लिहिला, अगदी बरोबर. स्थिती या रकान्याशी थांबले. कापड विरलेलं होतं, पण कुठे भोक नव्हतं. दांडा झिजलेला, पण मजबूत. अजून चौतीस वर्षं सहज चालली असती. मी छत्री उघडून पाहिली, मिटली, आणि लिहिलं : समाधानकारक. कार्ड खणात जिथे जायला हवं तिथेच लावलं. मग छत्री उचलली, कपडे-चष्मे-काठ्यांच्या फळीवरून पुढे गेले, आणि शेवटच्या फळीवर, ५५० मध्ये, खड्यांच्या डब्यामागे आडवी सरकवून ठेवली. रांग सरळ केली.

शोधू देत.